युद्धाबद्दलचा सर्व्हे समोर आला की वाद कसा घालावा: नवख्यांसाठी

पहलगामचा हल्ला झाला २२ एप्रिल २०२५ ला. त्यानंतरचे पंधरा दिवस आमच्या ठाणे–पनवेल लोकलच्या महिला डब्यात दुसरा विषयच नव्हता. एका सकाळी गवार मोडता मोडता समोरच्या काकूंनी मोबाइल सगळ्यांपुढे धरला. ‘बघा, एवढे टक्के लोक म्हणतायत युद्ध करा म्हणून. आता आणखी कुणाची वाट बघायची?’ ऐरोली येईपर्यंत डब्यात दोन तट पडले होते. एकींचं म्हणणं, हा जनतेचा कौल आहे. दुसऱ्यांचं म्हणणं, सगळे सर्व्हे पैसे देऊन करून घेतलेले असतात. माझ्या शेजारी नुकतीच महापेला नोकरीला लागलेली एक मुलगी उभी होती. घणसोलीला उतरता उतरता ती म्हणाली, ‘ताई, मला दोन्हीकडचं पटलं नाही, पण बोलायचं काय तेच सुचेना.’

हे तिच्यासाठी लिहितेय, आणि पहिल्यांदाच अशा वादात पडणाऱ्या सगळ्यांसाठी. मी दहा वर्षं ठाणे जिल्ह्यात घरोघरी फिरून सर्व्हेचे फॉर्म भरले आहेत, आधी कागदावर आणि नंतर टॅबवर. टक्के कसे तयार होतात ते मी दारात उभं राहून पाहिलंय. म्हणून मला मनापासून वाटतं, की युद्धासारख्या गोष्टीवर टक्का फेकून मारायच्या आधी तो कुठून आला ते प्रत्येकाला विचारता यायला हवं.

पायरी १. टक्का बाजूला ठेवा, प्रश्न वाचून दाखवायला सांगा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बातमीत टक्का मोठ्या अक्षरात असतो आणि प्रश्न बहुतेकदा नसतोच. लोकांनी उत्तर मात्र प्रश्नाला दिलेलं असतं, मथळ्याला नाही.

अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने जानेवारी २००३ मध्ये, इराक युद्धाच्या दोनेक महिने आधी, लोकांना विचारलं: सद्दाम हुसेनची राजवट संपवण्यासाठी इराकमध्ये लष्करी कारवाई करायला तुमचा पाठिंबा आहे की विरोध? ६८ टक्के म्हणाले पाठिंबा, २५ टक्के विरोध. त्याच सर्व्हेत प्रश्नाला एक तुकडा जोडून विचारलं: त्यात आपले हजारो सैनिक हताहत होण्याची शक्यता असली तरी? आता पाठिंबा ४३ टक्के आणि विरोध ४८. देश तोच, महिना तोच, फक्त प्रश्नात किंमत आली. यातला कुठलाही आकडा खोटा नाही. पण एका वर्तमानपत्राने पहिला छापला आणि दुसऱ्याने दुसरा, तर त्या दोघांच्या वाचकांचं आयुष्यभर भांडण होईल, आणि दोघांच्याही हातात खरंच आकडा असेल.

त्याहून जुना दाखला दुसऱ्या महायुद्धाचा. अमेरिका युद्धात उतरण्यापूर्वी, १९४१ मध्ये, तिथल्या गॅलप या सर्व्हे करणाऱ्या संस्थेच्या पाहणीत बहुसंख्य लोक म्हणत होते की युद्धात ओढले जाण्याचा धोका पत्करूनही इंग्लंडला मदत करावी. त्याच काळात, मतदान झालं तर जर्मनीविरुद्ध युद्धात उतरायच्या बाजूने मत द्याल का, असं सरळ विचारलं की दहातले साधारण आठ जण नाही म्हणत. धोका चालेल, पण युद्ध नको. माणसाच्या मनात या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. वाद घालणारे मात्र त्यातली एकच उचलतात.

आता आपल्या भाषेकडे या, कारण इथे एक खास अडचण आहे. ‘पाकिस्तानला धडा शिकवावा का?’ या प्रश्नात उत्तर आधीच बसलेलं आहे. धडा शिकवू नये असं कोण म्हणेल? ‘चोख प्रत्युत्तर’ तसंच. ‘कारवाई’ म्हटलं की एक रात्र डोळ्यापुढे येते, ‘युद्ध’ म्हटलं की महिने आणि रेशनच्या रांगा. प्रश्नावली पुष्कळदा मुळात इंग्रजीत लिहिली जाते, तिची हिंदी होते, हिंदीवरून मराठी. मग दारात आजींना ‘सैनिकी कारवाई’ कळत नाही आणि फॉर्म भरणारी मुलगी आपल्या शब्दांत सांगते, ‘म्हणजे आजी, लढाई करावी का असं विचारतायत.’ त्या क्षणी प्रश्न बदलला. टॅबमध्ये मात्र जुन्याच प्रश्नाखाली टिक होते.

म्हणून डब्यात कुणी टक्का सांगितला की शांतपणे विचारा, ‘काकू, प्रश्न काय होता हो?’ एवढंच. मग प्रश्नात तीन गोष्टी शोधा: नेमकी कृती कुठली, तिची किंमत सांगितली आहे का, आणि युद्धाशिवायचा दुसरा पर्याय दिला आहे का. हल्ला करावा की काहीच करू नये, असे दोनच पर्याय दिले तर चर्चा, निर्बंध, वाट पाहणं हे सगळं मनात असलेला माणूस कुठल्या रकान्यात बसणार?

पायरी २. दार कुणी उघडलं ते विचारा

नवख्यांचा पहिला आक्षेप नेहमी हाच असतो: देशात एवढी कोटी माणसं, आणि हजार जणांना विचारून काय कळतं? हा आक्षेप सोडून द्या, तो चुकीचा आहे. शितावरून भाताची परीक्षा होते. नमुना खरोखर कुणालाही डावं-उजवं न करता निवडलेला असेल, तर १००० जणांच्या सर्व्हेत चूक साधारण तीन टक्के इकडे-तिकडे असते, मग लोकसंख्या ठाण्याची असो की भारताची. २००० जण घेतले तर ती सव्वादोनपर्यंत येते. त्यापुढे संख्या वाढवून फारसं हाती लागत नाही.

पण शीत काढायच्या आधी भात ढवळलेला हवा, आणि सगळी गोम तिथे आहे. १९३६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी अमेरिकेतल्या लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी पत्रिका टपालाने पाठवल्या. वीस लाखांहून जास्त भरून परत आल्या. त्यावरून त्यांनी सांगितलं की लँडन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते मुख्यतः टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारींच्या नोंदणीतून घेतले होते. मंदीच्या काळात फोन आणि मोटार कुणाकडे होती ते उघड आहे. शिवाय ज्यांनी उत्तर पाठवायची तसदी घेतली ते लोकही वेगळेच होते. जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान नमुना घेऊन विजेता बरोबर सांगितला.

हेच ठाण्यात कसं घडतं ते सांगते. आम्हाला नियम असायचा: नेमून दिलेल्या ठिकाणापासून उजव्या हाताने चालायचं आणि ठरलेली घरं सोडून पुढचं दार वाजवायचं. लोकमान्य नगर किंवा किसन नगरमध्ये हे जमतं. दारं उघडी असतात, कुणीतरी पाणीसुद्धा विचारतं. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये गेटवरच अडकायला होतं. वॉचमन इंटरकॉम लावतो, वरून नाही येतं, की त्याच्या रजिस्टरमधल्या नोंदीपलीकडे तुम्ही जात नाही. मग सुपरवायझर सांगतो, ‘मागच्या चाळीत कोटा पुरा करा.’ म्हणजे टॉवरमधला माणूस गेला आणि त्याच्या जागी चाळीतला आला. दिव्याला सकाळी अकराला गेलात तर कामाला जाणारी बहुतेक माणसं कधीच लोकल पकडून गेलेली असतात. घरात भेटतात आजी-आजोबा आणि लहान मुलांच्या आया. संध्याकाळी आठनंतर जायचं तर मुलींना पाठवायला कुणी तयार नसतं. चांगल्या संस्था हे नंतर गणिताने सावरतात, कमी भेटलेल्या गटाच्या उत्तरांना जास्त भार देतात. पण जे भेटलेच नाहीत त्यांना भार कुठून देणार?

टीव्हीवर चालणारा ‘हो असेल तर अमुक नंबरवर मिस्ड कॉल द्या’ हा प्रकार सर्व्हे नव्हे. व्हॉट्सॲप ग्रुपवरचा पोल नव्हे, यूट्यूबवरचाही नव्हे. तिथे तावातावाने बोलणारे मत देतात आणि बाकीचे बोट पुढे सरकवतात. दहा लाख मतं पडली म्हणून त्याची किंमत वाढत नाही. लिटररी डायजेस्टकडे त्याच्या दुप्पट होती.

आणखी एक खबरदारी घ्या. देशभराच्या सर्व्हेतून कुणी ‘ठाणेकर म्हणतात’ किंवा ‘तरुण मुली म्हणतात’ असं काढलं तर त्या गटात माणसं किती होती ते विचारा. चाळीस असतील तर चूक पंधरा टक्क्यांपर्यंत जाते. त्यावर वाद घालू नका, वेळ जातो.

पायरी ३. तारीख बघा

इथे थोडक्यात आवरते, कारण एकदा लक्षात आलं की पुरेसं आहे. २३ एप्रिलला विचारलेला प्रश्न, ८ मेला, म्हणजे ऑपरेशन सिंदूरच्या दुसऱ्या दिवशी विचारलेला प्रश्न, आणि १० मेला शस्त्रसंधी झाल्यावर विचारलेला प्रश्न, शब्दाला शब्द तेच असले तरी तीन वेगळे प्रश्न आहेत.

हल्ला झाला की माणसं निशाणाभोवती गोळा होतात. गॅलपच्या सर्व्हेत धाकट्या बुश यांच्या कामाला पसंती सप्टेंबर २००१ च्या सुरुवातीला ५१ टक्के होती, ती ११ सप्टेंबरनंतर दोन आठवड्यांत ९० वर गेली. थोरले बुश १९९१ च्या आखाती युद्धानंतर ८९ वर होते आणि १९९२ ची निवडणूक हरले. व्हिएतनाममध्ये सैन्य पाठवणं ही चूक होती का, या प्रश्नाला ऑगस्ट १९६५ मध्ये २४ टक्के अमेरिकन ‘हो’ म्हणाले. १९७१ पर्यंत ते ६० च्या आसपास पोचले.

माणसं आपलं जुनं मतही विसरतात. ब्रिटनमध्ये यूगव्ह या संस्थेच्या २००३ च्या सर्व्हेंत सरासरी ५४ टक्के लोक इराकवरची कारवाई बरोबर आहे असं म्हणत होते. २०१५ मध्ये विचारलं, तुमचं तेव्हा काय मत होतं? तेव्हा आपण बरोबर म्हणत होतो हे फक्त ३७ टक्क्यांना आठवलं. तेव्हा काकू म्हणाल्या की ‘मी पहिल्यापासून हेच म्हणत होते’, तर त्यांना खोटं पाडू नका. त्यांना खरंच तसं आठवत असेल.

पायरी ४. ‘सांगता येत नाही’ हा रकाना शोधा

हे मला सगळ्यात जवळचं आहे.

मार्च २०१९, पुलवामा आणि बालाकोटनंतरचे दिवस. लोकसभेची निवडणूक जाहीर झालेली. सर्व्हे मतदानाचा होता, शेवटी पाकिस्तानबद्दल दोन प्रश्न. कळव्यात एका चाळीत मी एका बाईंच्या दारात बसले होते. वय पन्नाशीचं, बोलण्यात सातारकडचा हेल. त्या तांदूळ निवडत होत्या. पाणी, रस्ता, मत कुणाला, सगळी उत्तरं त्यांनी पटापट दिली. मग मी विचारलं, पाकिस्तानवर आणखी कारवाई करावी का? सुपातला हात थांबला. शेजारच्या दोघी दारात येऊन उभ्या होत्या. त्यांच्यातली एक म्हणाली, ‘करायलाच पाहिजे, लिहा हो.’ बाई काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘पोरगा बारामुल्ल्याला आहे माझा. मला नाय सांगता येत.’

सुपरवायझरने सकाळीच बजावलं होतं की ‘सांगता येत नाही’ जास्त आले तर फॉर्म परत जातात, पैसे कापले जातात. मी म्हटलं, ‘काहीतरी एक सांगा ना ताई.’ त्यांनी शेजारणींकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘मग लिहा हो म्हणून.’ मी ‘होय’वर टिक केली. त्या बाईंचं खरं उत्तर माझ्या हातून गेलं, आणि सहा वर्षांनंतरही ते मला सलतं. कुणी ‘एवढे टक्के लोकांना युद्ध हवंय’ म्हणालं की त्या टक्क्यांत मला ते सूप दिसतं.

म्हणून हा रकाना बघा. ६० टक्के हो, ३८ नाही आणि २ सांगता येत नाही, असं युद्धाच्या प्रश्नावर दिसलं तर दोनच शक्यता आहेत: एकतर तो पर्याय लोकांना वाचून दाखवला नाही, किंवा माझ्यासारखं कुणीतरी दारात बसलं होतं. आणि उत्तर देताना आजूबाजूला कोण होतं हेही महत्त्वाचं आहे. चाळीत मुलाखत एकट्याची कधीच नसते. फोनवर विचारलं तर शेजारीण ऐकत नाही, पण फोन करणारा नक्की कोण, ही धास्ती राहते.

धास्तीने उत्तर किती सरकतं हे मोजायची एक युक्ती आहे. काही लोकांना तीन-चार साध्या विधानांची यादी देतात, काहींना त्याच यादीत नाजूक विधान घालून देतात, आणि कुठली पटतात ते न विचारता किती पटतात एवढंच विचारतात. दोन गटांच्या सरासरीतला फरक म्हणजे नाजूक विधानाला असलेला पाठिंबा. २०२२ मध्ये रशियात युक्रेनवरच्या कारवाईबद्दल दोन संशोधकांनी असं करून पाहिलं. थेट विचारल्यावर पाठिंबा ६८ टक्के दिसला, यादीच्या पद्धतीने ५३. म्हणजे पाठिंबा निम्म्याहून जास्तच होता, पण पंधरा टक्के माणसं तोंडाने एक आणि मनात एक अशी होती. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा, आपल्या सोयीची एकच उचलू नका.

पायरी ५. सर्व्हे कशाचा पुरावा आहे ते ठरवा

डब्यातला गोंधळ बहुतेक इथे होतो. ‘लोकांना युद्ध हवंय’ आणि ‘युद्ध करणं योग्य आहे’ हे दोन वेगळे वाद आहेत. सर्व्हे झालाच तर पहिल्याचा पुरावा होतो. दुसऱ्यासाठी सीमा, सैन्य, पैसा, शेजारी देश, हल्ल्यामागे कोण याचे पुरावे, हे सगळं बोलावं लागतं, आणि तिथे काकूंचा अंदाज माझ्यापेक्षा चांगला असू शकतो.

सर्व्हे म्हणजे मतदानही नव्हे. आपल्या राज्यघटनेत ‘युद्ध आणि शांतता’ हा विषय केंद्राच्या सूचीत पंधराव्या क्रमांकावर आहे, आणि सेनादलांचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे, ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतं. लोकांना विचारून युद्ध करायची तरतूद नाही. अमेरिकेत तशी घटनादुरुस्ती आणायचा प्रयत्न लडलो नावाच्या प्रतिनिधीने केला होता: देशावर हल्ला झालेला नसेल तर आधी सार्वमत घ्या आणि मगच युद्ध पुकारा. जानेवारी १९३८ मध्ये ती चर्चेला घेण्याचा ठराव २०९ विरुद्ध १८८ मतांनी पडला. लोकांचा तिला मोठा पाठिंबा असल्याचं तेव्हाचे सर्व्हे सांगत होते.

लोकमत आणि निर्णय जुळतातच असं नाही. २००३ मध्ये स्पेनमधल्या सरकारी सर्व्हेत दहातले नऊ जण इराक युद्धाच्या विरोधात होते, तरी सरकारने अमेरिकेला साथ दिली. तुर्कस्तानातही लोक प्रचंड विरोधात होते. तिथे १ मार्च २००३ ला अमेरिकी सैन्याला वाट देण्याचा ठराव संसदेत आला, २६४ बाजूने आणि २५० विरुद्ध पडले, पण १९ जण तटस्थ राहिल्याने हजर सदस्यांचं बहुमत झालं नाही आणि ठराव पडला. तटस्थांनी निकाल लावला. कळव्याच्या बाईंसारख्या माणसांना रकान्यातून पुसू नये असं मला वाटतं, त्याचं हेही एक कारण आहे.

पायरी ६. बोलायचं कसं

लोकलमध्ये रोज तीच माणसं भेटतात, त्यामुळे तोडून बोलू नका. ‘तुमचा आकडा खोटा आहे’ हे वाक्य वापरूच नका, बहुतेक वेळा ते खरंही नसतं. ‘काकू, ही लिंक मला पाठवता का? प्रश्न बघायचाय’ असं म्हणा. लिंक आली की पाच गोष्टी शोधा: प्रश्नाचे मूळ शब्द, तारखा, किती जण, फोनवर की घरी जाऊन, आणि खर्च कुणी केला. यातलं काहीच दिलं नसेल तर ‘यावरून काही ठरवता येत नाही’ म्हणा आणि विषय युद्धावर न्या, सर्व्हेवर ठेवू नका. आणि सर्व्हे तुमच्या बाजूचा असेल तेव्हाही हीच पाच गोष्टींची चाळणी लावा, तीही सगळ्यांसमोर. डब्यात तुमचा शब्द त्याने टिकतो, दुसऱ्या कशाने नाही.

‘सगळे सर्व्हे विकत घेतलेले’ म्हणणाऱ्यांनाही सोडू नका. विकत घेतलेला सर्व्हे असतो, पण दारोदार फिरणाऱ्या बहुतेक मुली उन्हात प्रामाणिकपणे फॉर्म भरतात. चूक झाली तर ती बहुतेकदा कटाने होत नाही, कोटा, उन्हं आणि बंद गेट यांतून होते.

सवय लागायला एक गोष्ट स्वतः करून पाहा. वहीत एकाच विषयाचे तीन प्रश्न लिहा: एक ‘कारवाई’ शब्दाचा, एक ‘युद्ध’ शब्दाचा, एक किंमत सांगणारा. तुमच्या बिल्डिंगमधल्या तीस घरी जा, प्रत्येक प्रश्न दहा घरांत विचारा. माणसाला एकट्याला गाठा, ‘सांगता येत नाही’ हा पर्याय स्वतःहून वाचून दाखवा, आणि कुणी गप्प राहिलं तर निदान अर्धा मिनिट थांबा. तीस घरांवरून देशाचं काही कळणार नाही, पण कुठल्या शब्दावर समोरच्याचा चेहरा बदलतो ते कळेल. जी दारं उघडली नाहीत त्यांचे नंबरही त्याच वहीत लिहून ठेवा.